खिडकीतले फुटके टँक

लोरेटा बोडनार एखादी वस्तू विकणार नाही म्हणाली की विकणार नाही. मग गिऱ्हाईक दुकानात नाचो नाहीतर रडो. मी तिची शेजारीण, डोरीन वार्गो. आमच्या दोघींच्या मध्ये एकच भिंत. तिकडे तिचं व्हेपचं, म्हणजे वाफेच्या सिगारेटचं दुकान, इकडे माझं कपडे धुवायच्या यंत्रांचं लॉन्ड्रोमॅट. भिंत इतकी पातळ की तिने कुणाला झापलं की माझ्याकडे कपडे सुकायची वाट बघत बसलेली माणसं मान वर करून हसतात. टोलेडो शहराच्या ईस्ट साइडला सिगारेट सोडलेला एकही माणूस असा मिळायचा नाही, ज्याने तिची बोलणी खाल्लेली नाहीत.

परवाचीच गोष्ट घ्या. रिफायनरीतला एक दांडगा गडी आला आणि म्हणाला, "तो नवा प्लास्टिकचा टँक द्या. पडला तरी फुटत नाही म्हणे."

"काय ओढतोस?"

"दालचिनी."

"मग नाही मिळणार."

"अहो, समोर ठेवलाय की!"

"समोर मीही बसलेय. मी मिळते का?"

गडी लाल झाला. शेवटी मुकाट्याने काचेचा टँक घेऊन गेला. टँक म्हणजे ज्यूस, वाफ करून ओढायचं ते चवीचं पाणी, भरायची अंगठ्याएवढी डबी. एवढ्याशा डबीसाठी ही बाई भल्याभल्यांशी भांडते आणि मला मेलीला रोज त्याची करमणूक फुकट मिळते.

तिचं म्हणणं साधं आहे. काच पडली तर फुटते, पण ज्यूसला भीक घालत नाही. स्टीलचंही तेच. प्लास्टिक पडलं तर टिकतं, पण लिंबू, पुदिना, दालचिनी असले झोंबणारे ज्यूस त्याला आतून खातात. सुरुवात होते आट्यांपाशी, जिथे टोपण पिळून घट्ट बसवलेलं असतं तिथे. आधी धुरकट दिसतं, मग केसाएवढी चीर, आणि मग एक दिवस सगळा ज्यूस खिशात. हे ज्ञान तिने पुस्तकातून घेतलेलं नाही. सव्वीस वर्षं ती काचेच्या कारखान्यात तपासणीला होती. बाटली यंत्रात दाबायची, फुटेपर्यंत दाबायची, आणि पहिली चीर कुठून निघाली ते लिहून ठेवायचं. बाईला बाटल्या फोडायचा पगार मिळत होता! माझ्या नवऱ्याने घरात एक कप फोडला तर मी दोन दिवस बोलले नव्हते.

कारखान्याची ती लाइन बंद झाली तेव्हा तिने हे दुकान टाकलं. तीस वर्षं स्वतः सिगारेट ओढून तिने सोडली होती, आणि सोडलेल्या माणसासारखं कडवं कुणी नसतं. पण हे कडवेपण खरं चढलं ते मर्लमुळे.

मर्ल तिचा धाकटा भाऊ. लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. अडतीस वर्षं दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. फुफ्फुसावर डाग दिसला तेव्हा डॉक्टरने सरळ सांगितलं, सोड, नाहीतर नाकात ऑक्सिजनची नळी घालून ट्रक चालवशील. लोरेटाने त्याला व्हेपवर आणलं. किती चवी करून बघितल्या! आंबा म्हणाला गोड, पुदिना म्हणाला टूथपेस्ट, तंबाखूच्या चवीचा ज्यूस ओढला तर म्हणे पाकीटच आठवतं. अखेर एका घाऊकवाल्याची दालचिनी त्याच्या जिभेला बसली. त्याच कंपनीची हं, दुसऱ्या कुणाची नाही. दुसऱ्यांची त्याने खिडकीबाहेर फेकून दिली. चौदा महिने त्याने सिगारेटला हात लावला नाही.

मग गेल्या वर्षी जानेवारीत वायोमिंगमध्ये, बर्फामुळे रस्ता बंद झालेला असताना, त्याचा प्लास्टिकचा टँक चिरला. ज्यूस सगळा जॅकेटच्या खिशात. ट्रकस्टॉपवर व्हेपचं काही नव्हतं. सिगारेटी होत्या. बहिणीला तो काही बोलला नाही, पण कपडे माझ्याकडे धुवायला टाकले. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे हुंगतेय मी, मला काय कळत नाही? मीच लोरेटाला सांगितलं. चुगली म्हणा हवं तर. परत सोडायला त्याला आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत त्याचा खोकला असा वाढला की माझी यंत्रं चालू असतानाही भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

तो टँक लोरेटानेच त्याला विकला होता. हे तिच्या जिव्हारी लागलं. मी सांगितलं त्याच आठवड्यात तिने दुकानाच्या खिडकीत एक लाकडी फळी लावली. मधोमध मर्लचा चिरलेला टँक. मग बाजारात मिळेल तो प्रत्येक प्लास्टिकचा टँक आणायचा, त्यात झोंबणारा ज्यूस भरायचा, चिरेपर्यंत ठेवायचा, आणि चिठ्ठी बांधून फळीवर मांडायचा. चिठ्ठीवर ज्यूसचं नाव आणि किती दिवस टिकला ते. खालच्या ओळीत काचेचे, धडधाकट. फळीवर एकतीस मढी झाली. लोक तिला लोरेटाची स्मशानभूमी म्हणायला लागले. येणारा जाणारा थांबून वाचायचा, आणि वाचून काच घ्यायचा. तिची गिऱ्हाइकं टिकत होती, सिगारेटकडे परत जात नव्हती. मला तिचा अभिमान वाटायचा, तोंडावर कधी सांगितलं नाही एवढंच.

यंदा मार्चमध्ये प्रेस्टन यॉकी आला. मर्लची दालचिनी बनवणाऱ्या त्याच घाऊकवाल्याचा माणूस. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट, बाहेर सगळीकडे चिखलबर्फ असताना ते बूट कोरडे कसे राहिले देव जाणे. त्याच्या कंपनीने नवा टँक काढला होता, तोच 'न फुटणारा', आणि लोरेटाच्या फळीवर त्याचीही तीन मढी लटकत होती.

मी तेव्हा तिच्याकडेच कॉफी पीत बसले होते.

"मिस बोडनार, ही फळी काढावी लागेल," यॉकी म्हणाला.

"खिडकी माझी, फळी माझी. तुझं काय जातंय?"

"आमचं नाव जातंय. तुमच्यामुळे आणखी चार दुकानं आमचा टँक घेत नाहीत."

"शहाणी दुकानं आहेत."

"मग आमची दालचिनीही ठेवू नका. वरून तसाच हुकूम आहे." तो खरंच कपाटाकडे गेला आणि बाटल्या खोक्यात भरायला लागला. माल त्यांचा, विकल्यावर पैसे द्यायचा करार, त्यामुळे लोरेटाला अडवता येईना. ती नुसती हाताची घडी घालून बघत राहिली. "घेऊन जा! आणि जाताना तुझा तो टँकही घेऊन जा, दालचिनी त्यातच ओत म्हणजे घरी पोचेपर्यंत गाडी धुऊन निघेल."

तेवढ्यात यॉकीची नजर मागच्या बेसिनवर गेली. तिथे कापसाच्या बोळ्यांशेजारी अल्कोहोलची बाटली होती, औषधाच्या दुकानात मिळते ती.

"हे कशाला?"

"टँक धुवायला. नव्या टँकमध्ये यंत्राचं तेल असतं. धुतल्याशिवाय मी काही भरत नाही."

"प्लास्टिकचे पण यानेच धुता?"

"मग काय अत्तराने धुऊ?"

यॉकी हळूच हसला. "मिस बोडनार, अल्कोहोलनेही प्लास्टिक चिरतं. तेही आट्यांपाशीच. आमच्या खोक्यावर छापलंय, फक्त कोमट पाण्याने धुवा. अल्कोहोलने धुतलेल्यात कधी साधा ज्यूस भरून बघितलात? तंबाखूचा वगैरे?"

लोरेटाने अल्कोहोलची बाटली उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"नाही ना बघितलंत? मग हे एकतीस टँक दालचिनीने मेले की तुम्ही मारले, हे कशावरून ठरवायचं?" त्याने खोकं उचललं. "फळी उतरवा. मी कुणाला काही सांगणार नाही. दालचिनी पुढच्या आठवड्यात परत येईल."

तो गेला. लोरेटा स्टुलावर बसली. कारखान्यात सव्वीस वर्षं सगळं अल्कोहोलने धुवायची तिला सवय. काचेला त्याचं काय? हाताला वळण पडलेलं, डोकं विचारतच नाही. काचेतली बाई ती, प्लास्टिकलाही काचेसारखीच धूत राहिली.

मग तिचा चेहरा आणखी उतरला. "डोरीन, मर्लचा टँक. तोही मीच धुऊन दिला होता."

मी नको ते बोलले. "अगं, त्या गुळगुळ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? फळी उतरव, गप बस, मर्लला त्याची दालचिनी मिळू दे. जगाचं कुठे काय अडलंय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कॉफी अर्धी टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत पुठ्ठा. एवढाली अक्षरं, रस्त्यापलीकडून वाचता येतील अशी. 'हे सगळे टँक मी भरायच्या आधी अल्कोहोलने धुतले होते. अल्कोहोलनेही प्लास्टिक चिरतं. चाचणी चुकली. चूक माझी. पुन्हा करतेय, तुमच्या डोळ्यांदेखत. लोरेटा बोडनार.'

"डोकं फिरलंय का तुझं?" मी तिच्या दुकानात शिरून ओरडले. "स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापतेयस!"

"माझं नाक आहे. कापेन नाहीतर ठेवेन."

"आणि दालचिनी कुठून आणणार? नेली ना त्याने सगळी!"

दालचिनी उरली होती फक्त मर्लकडे. एक अख्खी बाटली आणि एक अर्धी. ट्रकचं इंजिन दुरुस्तीला टाकलेलं, म्हणून तो तेव्हा गावातच होता. त्याच्याकडे मागायची म्हणजे त्याला आधी सगळं सांगायचं, आणि मग त्याच्याच तोंडातला आधार काढून घ्यायचा.

तिने सांगितलं. दुपारी तो आला, तेव्हा उभ्या उभ्याच सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. "तुझा टँक मी अल्कोहोलने धुतला होता, मर्ल. वायोमिंगमध्ये तो दालचिनीने फुटला की माझ्या धुण्याने, मला माहीत नाही. कदाचित माझ्यामुळेच तू परत सिगारेटीवर गेलास."

मर्लने टोपी काढली, डोकं खाजवलं. मोठा माणूस, पण बहिणीपुढे नेहमी शाळेतून उशिरा आल्यासारखा उभा राहतो. "एकतीस टँक?"

"एकतीस."

"सगळे?"

"सगळे, रे! किती वेळा वदवून घेशील?"

तो बाहेर गेला. वाटलं, चिडून गेला. दहा मिनिटांनी परत आला आणि अख्खी बाटली काउंटरवर ठेवली. "घे."

"अरे, मग तू काय ओढशील?"

"अर्धी आहे ना."

"चार दिवसांत संपेल ती."

"लोरी, मला कळायलाच हवं. ओत."

यॉकीने नमुन्याला ठेवलेले बारा नवे टँक होते. लोरेटाने त्यांची चार गटांत वाटणी केली, प्रत्येकी तीन. पहिले तीन कोमट पाण्याने धुऊन दालचिनी. दुसरे तीन कोमट पाण्याने धुऊन तंबाखूच्या चवीचा साधा ज्यूस. तिसरे तीन अल्कोहोलने धुऊन दालचिनी. चौथे तीन अल्कोहोलने धुऊन साधा ज्यूस. टोपणं सगळी तिनेच पिळली, सारखीच घट्ट. आपल्यावर कुणाचा संशय नको म्हणून धुवायचं काम माझ्याकडे दिलं, आणि मी पाण्याच्या नळाखाली टँक धरला तरी मानेवर तिचा श्वास. "लॉन्ड्रीवाली आहेस ना तू? मग धू नीट!"

पुढचे अकरा दिवस माझा धंदा बरा चालला. कपडे यंत्रात टाकायचे आणि खिडकीशी जायचं, हाच सगळ्यांचा उद्योग. रिफायनरीतले गडी पैजा लावत होते, हरेल त्याने सगळ्यांना चिली हॉटडॉग खिलवायचे. यॉकीलाही बातमी लागली, तोही दोनदा येऊन गेला.

तिसऱ्या दिवशी अल्कोहोल आणि दालचिनीचे तिन्ही चिरले. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पाचव्या दिवशी चौथ्या गटातला एक गेला. साधा ज्यूस, दालचिनीचा थेंब नाही, तरी आट्यांपाशी चीर. म्हणजे यॉकी खरं बोलत होता. लोरेटाने भिंग लावून दोन मिनिटं बघितलं आणि यॉकीच्या समोरच पुठ्ठ्यावर लिहिलं, 'धुण्याने टँक मरतो. सिद्ध झालं. माझी चूक.' अक्षर जराही हललं नाही. मी असते तर कोपऱ्यात बारीक लिहिलं असतं.

सगळ्यांत वाईट अवस्था मर्लची. अर्धी बाटली चौथ्या दिवशी संपली. नंतर तो बिनचवीचा ज्यूस ओढत बसायचा, माझ्या लॉन्ड्रोमॅटच्या बाकावर, पाय हलवत. हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा, जिथे अडतीस वर्षं पाकीट असायचं. सातव्या दिवशी तो उठून कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाच्या दारापर्यंत गेला. मी काचेतून बघत होते. दारात उभा राहिला, एक माणूस बाहेर आला, दुसरा आत गेला, हा तिथेच. मी मनातल्या मनात त्याला एवढ्या शिव्या घातल्या की चर्चमध्ये सांगायची सोय नाही. मग तो परत आला आणि कुणाची तरी चादर घडी करायला लागला. मी लोरेटाला काही सांगितलं नाही. एक चुगली आयुष्यभर पुरते.

नवव्या दिवशी पहिला गट धुरकटला. कोमट पाण्याने धुतलेला, खोक्यावर छापलंय तसाच, आणि आत दालचिनी. दहाव्या दिवशी एकाला चीर. अकराव्या दिवशी सकाळी तिन्ही गळत होते, खाली अंथरलेला कागद लालसर झालेला. चौथ्या गटातले उरलेले दोनही तोवर चिरले होते. आणि दुसरा गट, पाणी आणि साधा ज्यूस, तिन्ही टँक जसेच्या तसे.

यॉकी आला तेव्हा दुकानात आम्ही तिघंच होतो. त्याने एकेक टँक उचलून उजेडात धरला. माणूस गुळगुळीत असला तरी आंधळा नव्हता.

"साध्या ज्यूसला तुझा टँक चांगला आहे," लोरेटा म्हणाली. "तसं मी लिहीन. पाण्याने धुवा, तेही लिहीन. आणि दालचिनी भरलीत तर तो गळतो, ती चिठ्ठी मी सकाळीच फळीवर टाचलीय."

"पहिली दोन लिहा," यॉकी म्हणाला. आता आवाज नरम होता. "तिसरी नको. मी वर बोललोय. तेवढी दालचिनीची चिठ्ठी काढलीत तर सगळं पहिल्यासारखं. गाडीत पेटी आहे, आत्ता आणून देतो. अख्खी पेटी, मिस बोडनार."

लोरेटाने मर्लकडे बघितलं. अकरा दिवसांत तो वाळल्यासारखा झाला होता, डोळ्यांखाली काळं. आणि मग मी जे कधी बघेन असं वाटलं नव्हतं ते बघितलं. तिचा हात वर गेला, चिठ्ठीपर्यंत पोचला, आणि बोटांनी टाचणी धरली. देवाशप्पथ सांगते, मलाही वाटलं, काढ. काढ बाई एकदाची. शहरातल्या सगळ्यांचे टँक गळोत, हा एक वाचू दे.

"लोरी, हात खाली घे," मर्ल म्हणाला.

"तू गप रे. तुझी सात दिवसांची दशा मी बघितलीय."

"माझा टँक कशाने फुटला होता?"

"आता नाही कळणार. दोन्हीने फुटतो. अर्धी मी, अर्धी दालचिनी."

"बरं. आणि पाकीट कुणी घेतलं?"

यॉकी आमच्या तोंडांकडे बघायला लागला, मर्ल कशाबद्दल बोलतोय ते त्याला ठाऊक नव्हतं.

"वर्षभर मी सांगत फिरलो, टँक फुटला म्हणून ओढली. तुलाही तेच वाटत राहिलं, म्हणून एकतीस टँक मारलेस. ट्रकस्टॉपच्या काउंटरवर पैसे मी ठेवले, लोरी. टँकने नाही, दालचिनीने नाही आणि तू तर तिथे नव्हतीसच." मग तो यॉकीकडे वळला. "पेटी राहू दे गाडीत. मी बिनचवीचं ओढतोय. घाणेरडं लागतं, पण ओढतोय."

लोरेटाने टाचणी सोडली. मग तीच टाचणी अंगठ्याने दाबून आणखी आत बसवली, आणि मला म्हणाली, "डोरीन, बघतेस काय? बारा टँक आहेत, फळीवर लावायला मदत कर."